गाडी सोडण्यापूर्वी

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कर्जतला पोहोचली म्हणजे फलाटावर बटाटेवड्यांसाठी एकच धांदल उडते. गाडी तेथे थांबते ती मात्र वड्यांसाठी नव्हे. पुढे बोरघाट आहे, आणि त्याचा चढ दर ३७ फुटांस एक फूट इतका खडा आहे. यास्तव बहुतेक गाड्यांच्या पाठीशी कर्जतास जादा इंजिने जोडतात. रेल्वेची मंडळी त्यांस 'बँकर' म्हणतात. १८६३ साली हा घाट आगगाडीस खुला झाला, तेव्हापासून चढणीइतकीच उतरणीचीही धास्ती राहिली आहे. चढताना दम अपुरा पडला तर गाडी फार तर खोळंबेल. उतरताना ब्रेक हुकला तर तिला कोण थांबविणार?

म्हणून उतरणीच्या मार्गात एक आडवाट ठेवलेली असते. ती मुख्य रुळांपासून फुटून चढावर जाते आणि तेथेच संपते. रेल्वेच्या भाषेत तिचे नाव 'कॅच सायडिंग'. तिच्या तोंडाशी असलेल्या सांध्याची नित्याची स्थिती या आडवाटेकडेच असते. उतरणारी गाडी ताब्यात आहे, ती नेमल्या जागी थांबली आहे, अशी खात्री पटली म्हणजेच सांधा फिरतो, सिग्नल मिळतो आणि पुढची वाट मोकळी होते. ताब्याबाहेर गेलेली गाडी आपोआप आडवाटेस लागते व तिचा वेग चढावर जिरतो. त्या घटकेस कोणी धावत जाऊन सांधा फिरवावा लागत नाही. अडविणे ही येथे मूळ स्थिती. सोडणे हा खात्रीनंतरचा परवाना.

आज या घाटातून जा-ये करणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे कित्येक संगणक-अभियंते असतात. त्यांच्याही धंद्यात गाडी सोडण्याचा प्रसंग वारंवार येतो. संगणकास किंवा मोबाइलला काम सांगणाऱ्या आज्ञांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. ते एकदा लिहून संपत नाही. त्यात दुरुस्त्या होतात, भर पडते आणि सुधारलेली आवृत्ती लोकांच्या हाती द्यावी लागते. यास 'रिलीज' म्हणतात. हे काम पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसारखेच आहे. अनेकांचे लेखन एकत्र करावयाचे, त्यापासून चालणारा प्रोग्राम बांधावयाचा, त्याच्या चाचण्या घ्यावयाच्या, क्रमांक द्यावयाचा, बदलांची यादी जोडावयाची, खरेपणाचा शिक्का मारावयाचा आणि मग वितरण करावयाचे. यातील एक पायरी चुकली तरी मागचे सारे श्रम फुकट जातात.

या पायऱ्या हातांनी उतरण्यात काय धोका आहे, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत दिसले. नाइट कॅपिटल नावाच्या शेअर-व्यवहाराच्या पेढीत नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर बसवावयाचा होता. सात ठिकाणी तो बसला, आठवे राहून गेले. आणि दुसऱ्या कोणी ते काम पडताळून पाहिले नाही. त्या आठव्या सर्व्हरात निजून पडलेला जुना प्रोग्राम बाजार उघडताच जागा झाला व खरेदी-विक्रीचे हुकूम सुटत राहिले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांचे नुकसान झाले. त्या एका विसराने पेढीचे स्वतंत्र अस्तित्वही पुढे टिकले नाही.

तेव्हा माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही. सारे यंत्रावरच सोपवावे, असे कोणी म्हणेल. हेही अर्धेच सत्य होय. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षक सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपनीने एक छोटी फाइल यंत्राकरवी जगभर पाठविली. तिची तपासणीही यंत्रानेच झाली होती. परंतु तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष होता. फाइल सदोष आहे हे कळून ती ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, तोवर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. विमाने खोळंबली, इस्पितळांची कामे अडली. भारतातील विमानतळांवर उताऱ्यांस हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विसराळू हात एक सर्व्हर चुकवितो; बेलगाम यंत्र तीच चूक सर्वत्र बिनचूक पोहोचविते.

मग सुधारणा करावयाची ती कशी? प्रथम सर्व पायऱ्या कागदावर मांडाव्यात आणि कोणती पायरी वरचेवर विसरली जाते ते पाहावे. यंत्राकडे ती पहिली द्यावी. सारी घडी एका दिवसात मोडू नये.

दुसरे, प्रोग्राम एकदाच बांधावा. ज्याची चाचणी झाली तेच गाठोडे लोकांकडे जावे. चाचणी एकाची आणि वितरण नव्याने बांधलेल्या दुसऱ्याचे, असे झाले तर चाचणीस अर्थ उरत नाही.

तिसरी गोष्ट घाटातील सांध्याची. पुष्कळ ठिकाणी चाचणी नापास झाली तर यंत्र थांबते. परंतु चाचणी मुळी झालीच नाही, तर तक्रार नाही म्हणून पुढे चालू लागते. हाजिरीपटात नाव नसलेल्या मुलास उत्तीर्ण ठरविण्यासारखाच हा प्रकार. होकार स्पष्ट मिळेपर्यंत वाट बंद, हाच नियम हवा. मात्र चाचण्या मोजक्या व भरवशाच्या असाव्यात. कारण नसता रोज अडविणारा दरवाजा दिसला की माणसे खिडकीतून जाण्यास शिकतात.

चौथे, नवी आवृत्ती आधी थोड्यांस द्यावी, परिणाम पाहावा, मग वाढवीत न्यावी. आणि परतीची वाट आधी तयार ठेवावी. खालापूर तालुक्यातील खोपोलीस १९१५ पासून लोणावळ्याकडील तलावांचे पाणी नळांतून उतरवून वीज काढतात. असे पाणी सोडता येणे जितके महत्त्वाचे तितकेच ते बंद करता येणे. आवृत्तीचेही तसेच. मागे येण्याची तालीम शांत दिवशी झाली पाहिजे. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

शेवटची गोष्ट विश्वासाची. २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरात चोरवाट आढळली. सर्वांस पाहण्यास खुल्या असलेल्या मूळ लेखनात ती पुरी नव्हती. तिला जागे करणारा भाग केवळ वितरणाच्या गाठोड्यात घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, त्याने पाठपुरावा केला, आणि मोठा अनर्थ टळला. गाठोडे उघड्या लेखनापासूनच यंत्राने बांधावे, दुसऱ्या कोणास तेच पुन्हा बांधून ताडून पाहता यावे, आणि शिक्क्याची किल्ली एकाच हाती नसावी, हा त्याचा धडा.

माणसाचे काम मग उरते काय? अर्ध्या सेकंदाचा खटका यंत्राने कोणास कळविला नव्हता. पुनरुक्तीचे कष्ट यंत्राने घ्यावेत, म्हणजे माणसाचे लक्ष अशा खटक्यांसाठी मोकळे राहील. 'सोडा' हा अखेरचा शब्द जबाबदार माणसाने उच्चारावा आणि तो कोणी, केव्हा उच्चारला याची नोंद राहावी.

घाटातून उतरताना गाडी आडरानात उगाच थांबली असे वाटून प्रवासी घड्याळ पाहतो. त्या काही मिनिटांच्या खोळंब्यातच खाली कर्जतला सुखरूप पोहोचण्याची हमी असते. संगणकाची नवी आवृत्ती सोडणाऱ्यांनी आपल्या मार्गात असा एक थांबा राखला, तर त्यांवर विसंबलेल्या घराघरांस त्याची कधी जाणीवही होणार नाही. आणि हेच त्या थांब्याचे यश.