सेवेचा मान कुणाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणीतरी शिकलेल्या बाई बोलतात आणि आम्ही सतरंज्या घालायचे, चहाचे बघतो. यंदा सेक्रेटरीबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवी. तेव्हा भाषण म्हणून ऐकू नका, भाकरी थापता थापता आपण बोलतो ना, तसे ऐका.

विषय दिला आहे ‘स्त्रियांच्या संस्थांची समाजसेवा’. एवढा मोठा विषय माझ्या पदरात मावायचा नाही. मी एकाच संस्थेचे सांगणार आहे, सेवासदनाचे. सोलापुरात हे नाव ऐकले नाही असे घर विरळा. पुण्याच्या सेवासदनाच्या शाखा गावोगाव निघाल्या, त्यांत आपले सोलापूरही होते. आपल्यातल्या कितीतरीजणींच्या मुली सेवासदनाच्या शाळेत शिकल्या. पण हे सदन मुळात कुणी काढले, कशासाठी काढले, असे त्या मुलींना विचारा; एकमेकींच्या तोंडाकडे बघतील. म्हणून मी वाचनालयातून रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आणले. १९१० साली निघालेले पुस्तक. दुपारची थोडी थोडी पाने करत वाचले, आणि जे पुस्तकात नव्हते ते शाळेतल्या एका बाईंना विचारून घेतले.

रमाबाई माहेरच्या कुर्लेकर, देवराष्ट्र्याच्या. १८७३ साली लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, आणि नवरा, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, एकतीस वर्षांचे. पहिली बायको वारलेली. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे चालले नाही आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आली. लोकांनी त्यांना बोल लावला तो लावलाच. (मोठी माणसेसुद्धा वडिलांपुढे मान खाली घालतात, हे वाचून मला आमच्या घरातलेच काही आठवले. असो.) त्यांनी मग या मुलीला स्वतः बसून शिकवले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना ते खपेना. घरातल्या बायका एका बाजूला. टोमणे, अबोला, कामात अडवणूक. बाहेरच्यांपेक्षा घरातल्या बायकाच बाईच्या शिकण्याला आडव्या येतात. हे जवळपास दीडशे वर्षांपूर्वीचे, पण आपल्या गल्लीत अजून दिसते की नाही?

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. रमाबाईंनी चाळिशीही गाठली नव्हती. त्या काळात ब्राह्मणाघरच्या विधवेला एक कोपरा, एक लुगडे आणि एक वेळचे जेवण, एवढेच जग. केस काढत ते वेगळेच. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी अनाथ बालकाश्रम काढला. तो पंढरपुरातच का काढावा लागला? नाडलेल्या विधवा तिथे येत, बाळंत होत, आणि त्या पोरांचे काय होई ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही. विठोबाच्या पायाशी हे चालत होते, एवढे ध्यानात ठेवा म्हणजे पुढचे कळेल.

त्या काळात रमाबाईंनी २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन काढले, ते आपल्या राहत्या वाड्यात. संसारातल्या मोठ्या बायकांसाठी वर्ग. लिहिणे, वाचणे, शिवण, जखमेवरचे प्रथमोपचार. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या मदतीला होते. पुढे प्राथमिक शिक्षिका तयार करण्याचे कॉलेज निघाले, वसतिगृह निघाले. त्या वेळी त्यांचे वय छेचाळीस-सत्तेचाळीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. आपण या वयात गुडघ्यांना तेल लावत बसतो!

मला सगळ्यांत भिडले ते परिचारिकांचे काम. ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला सेवासदनाने बायका पाठवायच्या ठरवल्या. आज नर्स म्हटले की आपण सून म्हणून सुद्धा आनंदाने करून घेतो. तेव्हा मात्र परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचे मलमूत्र काढायचे, हे बाटण्याचे काम मानत. मग गेले कोण? ज्यांना गमवायला काही उरले नव्हते त्या. तरण्या विधवा गेल्या. ज्यांचे तोंड सकाळी बघायला लोक भीत, त्याच बायका रोग्याच्या उशाशी उभ्या राहिल्या.

संस्थेच्या एका वार्षिक समारंभात यातलीच एक विधवा बक्षीस घ्यायला उठली. केस काढलेले, जाडेभरडे लुगडे. वर सज्जात कॉलेजचे विद्यार्थी बसले होते, त्यांनी हुर्यो केली. रमाबाई एरवी शांत बाई. त्या दिवशी मात्र त्यांनी त्या पोरांना सर्वांदेखत झाडले. तुम्ही विद्यापीठाची मुले, पण स्वतःच्या दुर्दैवी बहिणीबद्दल ज्यांना कणव नाही त्यांना शिकलेले कोण म्हणेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. ती बाई बक्षीस घेऊन खाली आली तेव्हा तिच्या मनात काय चालले असेल, त्याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

बाकी कामे भराभर सांगते. दुष्काळात त्यांनी मदत गोळा केली. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन बायकांना भेटल्या. मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून पुण्यात मोठमोठ्या पुढाऱ्यांशी वाकडे घेतले. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९२१ साली खटपट केली. १९२४ साली वारल्या. १९६२ साली सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले.

आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनाच्या बायका घेऊन आळंदीला जात, वारीतल्या बायकांची सेवा करायला. हे वाचले आणि मला आपले मंडळ आठवले. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते तेव्हा आपण काय निराळे करतो? आदल्या दुपारपासून घरोघरी भाकऱ्या, शेंगाचटणी, पिठले. कुणी वारकरी बाईच्या टाचेला मलम लावते, कुणी तिला न्हाणीघर उघडून देते. आपल्या मंडळाच्या वहीत कुणी किती भाकरी दिल्या याची नोंद असते. ती वही मी मागची काही वर्षे उलटून पाहिली. दरसाल सर्वांत जास्त भाकरी देणाऱ्या पहिल्या पाचांत तीन नावे आपल्यातल्या विधवांची आहेत. नावे घेत नाही, त्यांना आवडणार नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

२०२० साली कोरोनात माणूस माणसाजवळ जात नव्हता, तेव्हा गल्लीतल्या बंद घरांच्या दारात डबे ठेवायला कोण गेले? शिवणयंत्रावर मुखपट्ट्या कुणी शिवल्या? दोघींनी तर नवरा जाऊन वर्ष झाले नव्हते.

आणि संक्रांतीला याच बायका कुठे असतात? मागच्या खोलीत. तिळगूळ वळतात, वाणाच्या पिशव्या भरतात, कपबशा विसळतात. हळदीकुंकवाचे ताट बाहेर फिरू लागले की आपण होऊन भिंतीला टेकून उभ्या राहतात. कुणी त्यांना ‘इकडे येऊ नका’ म्हणत नाही, हे खरे. पण कुणी ‘या’ सुद्धा म्हणत नाही. माझी आई अशीच भिंतीला टेकून बावीस वर्षे उभी राहिली. तिला त्याचे वाईट वाटे का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, “सवय झाली गं.” त्या सवयीचाच मला राग येतो.

आपल्यातल्या काही वडीलधाऱ्या म्हणतील, ही शास्त्राची बाब आहे. मी शास्त्र वाचलेले नाही. पण आपल्याच जिल्ह्यात करमाळ्याला महात्मा फुले समाजसेवा मंडळ आहे, त्यांनी विधवांच्या या चालीविरुद्ध मोहीम काढली. तिच्यातूनच मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने तो ठराव इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एक खेडेगाव हे करू शकते आणि आपण शहरातल्या बायका ताट चार पावले पुढे नेऊ शकत नाही?

ज्यांना कुंकू लावून घ्यायचे नाही त्यांच्यावर सक्ती करा, असे मी म्हणत नाही. एखादीला ते नकोसे वाटेल, तिचे मन तिला ठाऊक. ताट मात्र तिच्यापर्यंत गेले पाहिजे. ‘नको’ म्हणायचे ते तिने म्हणावे, आपण तिच्या वतीने म्हणू नये. आणि वाण तर प्रत्येकीला मिळालेच पाहिजे. प्लॅस्टिकचा डबाच असतो तो, त्याला कसले आले सौभाग्य!

मी ठराव लिहून आणला आहे. अक्षर माझ्या मुलीचे आहे, मजकूर माझा. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाची प्रत्येक सभासद मानाने बाहेर बसेल, ताट प्रत्येकीपुढे जाईल, आणि पहिले वाण भाकरीच्या वहीत जिचे नाव सर्वांत वर असेल तिला दिले जाईल. सूचक म्हणून माझे नाव घातले आहे. अनुमोदकाची जागा मोकळी आहे. चहा होईपर्यंत कागद अध्यक्षबाईंच्या टेबलावर राहील, पेनही तिथेच ठेवले आहे.