भिंतीवरील अक्षरें

गणेशोत्सव जवळ आला कीं पुण्यांतील घराघरांत भिंतीवर ‘सुस्वागतम्’ झळकूं लागतें. पूर्वी हीं अक्षरें बहुधा थर्माकोलचीं असत. मार्च २०१८ मध्यें महाराष्ट्र सरकारनें थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली आणि पुठ्ठा पुन्हां मानास चढला. जुन्या खोक्यांचा पुठ्ठा या कामास पुरतो. खर्च काय तो रंगीत कागदाचा.

इंग्रजी अक्षरांप्रमाणें एकेक अक्षर सुटें कापण्याची रीत मात्र देवनागरीला मानवत नाहीं. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. सबंध शब्द एकाच पुठ्ठ्यांतून कापावा, म्हणजे ‘ग’चे दोन्ही भाग तिला लटकून राहतात व ओळ वांकडी होण्याची भीतिच उरत नाहीं. शिरोरेषा बोटभर रुंद हवी. अनुस्वार तेवढा निराळा चिकटवावा.

वळणासाठीं दोन पेन्सिली दोऱ्यानें घट्ट बांधाव्या आणि टोकें तिरकीं धरून लिहावें. बोरूनें उमटावी तशी जाड-बारीक रेघ मिळते. दोन रेघांमधला भाग हेंच अक्षर. जेथें त्या एकमेकींस मिळतात तेथें पुठ्ठा तुटेल, तेवढी जागा हातानें रुंद करावी. छापील अक्षर गिरवण्यापेक्षां हें केव्हांही सरस!

खळीनें एकाच बाजूस कागद लावल्यास पुठ्ठा वाळतांना वांकतो. म्हणून पाठीसही साधा कागद लावून तो रात्रभर पाटाखालीं दाबावा. मागें पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवले तर शब्द भिंतीपासून किंचित् सुटतो आणि दिवेलागणीस त्याची सावली भिंतीवर पडते.