उन्हाळा सरताना



वैशाख पौर्णिमेची खीर परवाच खाल्ली असे वाटते, तोच आषाढ पौर्णिमा दाराशी आली. उन्हाळा कधी सरला, कळलेच नाही. आम्ही बँकेतली माणसे आधी मार्चअखेरची वाट पाहतो, मग मुलांच्या निकालाची, मग पावसाची. समोरचा दिवस तसाच निघून जातो.

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होई. आई बोलवायची. ‘‘पुढच्या वर्षी नक्की येऊ,’’ आम्ही म्हणायचो. पुढच्या वर्षी आम्ही गेलो, तेव्हा सतरंजीवरची तिची जागा रिकामी होती.

बाबासाहेबांनी आजारपणातही हा ग्रंथ लिहून पुरा केला. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी काम उद्यावर टाकले असते तर आज आपण काय वाचले असते?

तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायला सांगितले. आपण निदान रोज अर्धा तास मनाने एका जागी बसू या. श्वास आत येतो, तो जाणावा. बाहेर जातो, तोही जाणावा. आणि घरातले वडीलधारे हाक मारतील, तेव्हा लगेच उठावे.

जय भीम! नमो बुद्धाय!