आंभोरा : पाणी चढलं, नावं जपू या

आज आपल्या कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याबद्दल बोलू. महाशिवरात्रीला आपण तिथं जातो, चैतन्येश्वराला बेल वाहतो आणि परततो. पण टेकडीवर उभं राहून कधी विचारलं का, एवढं पाणी येतं कुठून?

वैनगंगा येते मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून. कन्हान येते सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून. आम, मुरझा आणि कोलारी या लहान नद्याही इकडंच येतात, म्हणून आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम म्हणतात. पुढं हे पाणी वर्धा नदीला भेटतं, प्राणहिता होतं आणि गोदावरीत जातं.

इथं हरिनाथांची समाधी आहे. मुकुंदराज त्यांच्याच शिष्यपरंपरेतले. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा! तो इथंच लिहिला असं आपल्याकडं सांगतात, तर मराठवाड्यातले लोक तो मान अंबाजोगाईला देतात. वाद काहीही असो, मराठीच्या जुन्या ग्रंथाशी आपल्या नदीकाठाचं नाव जोडलेलं आहे.

१९८८ मध्ये खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढं पाणी अडलं, मागं फुगलं आणि नदीचं जणू तळं झालं. आपल्यातल्या कित्येक जणींचं माहेर बुडीत क्षेत्रात गेलं. नव्या गावठाणाला नाव जुनंच मिळालं, पण धुणं धुवायचा घाट, डोंगा लागायची जागा, उन्हाळ्यातली डांगरवाडी पाण्याखाली राहिली.

२०२४ पासून आंभोऱ्याला भंडारा जिल्ह्याशी जोडणारा मोठा पूल सुरू झाला. लोक दुरून बघायला येतात, फोटो काढतात. त्यांना पाणी दिसतं, पाण्याखालचं गाव दिसत नाही. ते सांगणार कोण? आपणच!

म्हणून एक काम करू. या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत गावातल्या सगळ्यात वयस्क आजीला बोलवा. घाटाचं नाव काय होतं, देवीचं ठाणं कोणत्या झाडाखाली होतं, कोणत्या वावराला काय म्हणत, विचारा. लिहिता येणारीनं एका वहीत उतरवून घ्या. गेलेली जमीन वहीनं परत येणार नाही, हे खरं. पण आजी गेली की नावंही जातील. ती तरी बुडू देऊ नका.