हिरवं दिसलं म्हणजे चारा नव्हे

आम्ही मेंढरांमागं फिरणाऱ्या घरांतल्या बाया. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाआधी घाटावर परतायचं. भांडीकुंडी, अंथरूण, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोडीच्या पाठीवर. तिचं चारापाणी आम्हा बायांकडंच.

मागच्या उन्हाळ्यात परतताना आमची एक घोडी गेली. हमरस्त्याकडेला कुणी कण्हेरीची छाटणी टाकली होती. पानं सुकलेली. आम्ही चुलीपाशी होतो, तेवढ्यात घोडीनं तोंड घातलं. रात्री तिला घाम फुटला, पोटदुखीनं ती लोळायला लागली. सकाळ तिनं पाहिली नाही. शिंगरू तिच्याभोवती फिरत राहिलं आणि बिऱ्हाड आम्ही डोक्यावरून नेलं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, सगळं विषारी. मूठभर पानंही घोड्याचा जीव घेतात, कारण विष हृदयावर जातं. पान सुकलं तरी विष जात नाही. आणि घोड्याला उलटी होत नाही. खाल्लेलं बाहेर पडायची वाटच नाही.

मग त्यांनी विचारलं, "घोडीला हिरवं शेवटचं कधी मिळालं होतं?" आम्ही गप्प. होळीपासून वाळकं गवतच चालू होतं. त्यानं पोट भरतं, पण अ आणि ई जीवनसत्त्वं मिळतात ती हिरव्या चाऱ्यातून. अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात काही महिने टिकतो. तो संपला की जनावराला अंधारात कमी दिसतं, डोळ्यांतून पाणी येतं, केस राठ होतात. ई कमी पडलं की स्नायू दुबळे होतात. आणि हिरव्याला आसुसलेलं जनावर दिसेल त्यात तोंड घालतं.

म्हणून आता आम्ही हे पाळतो. मुक्कामाला उतरलो की आधी एक बाई आसपासची झाडं बघून येते, मगच घोडी सोडायची. वाटेत लसूणघास किंवा गाजरं मिळाली की घोडीसाठी थोडी घ्यायचीच. कोवळी ज्वारी मात्र घोड्याला घालायची नाही. तिनं मागचे पाय लुळे पडतात, लघवी ठिबकत राहते.

विष खाल्ल्याचा संशय आला तर घोड्याला चालवू नका, नळीनं तेल-ताक पाजू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. उरलेला पाला बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि लगेच १९६२ या क्रमांकावर फोन लावा.

आणि सयांनो, तुमच्या अंगणातली कण्हेर छाटलीत, तर पाला रस्त्यावर टाकू नका. खड्ड्यात पुरा. मागून कुणाची तरी घोडी येत असते.