उमेदवाराची चौकशी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळाच्या कामाचे कौतुक करावे असा प्रघात आहे. ते आताच अहवालात झाले. मला कार्यकारिणीने सांगितले, "तुम्ही निवडणुकीविषयी बोला." मी म्हटले, बोलेन, पण मग आपल्या एका चुकीविषयी बोलावे लागेल. ती चूक मी अध्यक्ष असतानाची आहे, तेव्हा आधी ती माझी, मग मंडळाची.

2017 सालची गोष्ट. फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होती. प्रभागातून चार जण निवडून द्यावयाचे, त्यांत दोन जागा स्त्रियांच्या. संक्रांतीचे दिवस. आपले हळदीकुंकू ठरले आणि एका पक्षाचे कार्यकर्ते माझ्या दारी आले. म्हणाले, "काकू, आमच्या वहिनींना पाच मिनिटे बोलू द्या. वाण आमच्याकडून." दुसऱ्या दिवशी स्टीलचे दोनशे डबे आले. आचारसंहिता लागली होती. त्या काळात मतदारांना वस्तू वाटणे गुन्हा आहे, हे मला ठाऊक नव्हते असे आज म्हणणे सोयीचे आहे. पण खरे सांगायचे तर मी विचारच केला नाही. डबा चांगला जाड होता.

वहिनी चार वाक्ये बोलल्या, गोड बोलल्या. त्यांचे यजमान दारात हात जोडून उभे होते. ते आपल्याच भागातील एका पतसंस्थेचे संचालक. आपल्यातील कितीतरी जणींची भिशी त्या पतसंस्थेत होती. पिग्मीवाला मुलगा रोज संध्याकाळी दारावर येत असे. घरचाच माणूस, असे आम्हाला वाटले.

त्याच प्रभागात दुसऱ्या एका पक्षाची उमेदवार शिवणकाम करणारी बाई होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी. तिला आपण हळदीकुंकवाला बोलावले नाही. मात्र वाण भरता भरता तिच्याविषयी दोन तास बोललो. ती वेगळी का राहते, रात्री तिला घरी कोण सोडते, मुलगा कोणासारखा दिसतो. हे बोलणे आपल्या सभागृहातून बाहेर गेले आणि प्रभागभर फिरले. मी तिथेच बसले होते. मी ते थांबवले नाही.

वहिनी निवडून आल्या. शिवणकाम करणारी बाई पडली. पुढे वर्ष-दीड वर्षाने त्या पतसंस्थेचे शटर खाली आले. आपल्यापैकी एकीने पोळ्या लाटून मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठवले होते. तिची पावती अजून तिच्या ट्रंकेत आहे, पैसे नाहीत.

त्यानंतर एके दिवशी आपल्यातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्या निवडणुकीतली दोघींची शपथपत्रे काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. वहिनींच्या कागदावर खटल्यांचा रकाना निरंक. मी म्हटले, "बघा, कागदात काहीच नव्हते." त्या म्हणाल्या, "पुढचे पान वाचा." पुढच्या पानावर पतीच्या नावे देणी होती, आणि त्यांत त्याच पतसंस्थेचे भले मोठे कर्ज. कर्ज घेणे हा काही गुन्हा नव्हे. पण जिच्या ठेवी तिथे होत्या, तिने ती ओळ मतदानापूर्वी वाचली असती, तर तिने एखादा प्रश्न नक्कीच विचारला असता. कागद खरे बोलत होता. वाचणारी कोणी नव्हती.

मग दुसऱ्या बाईचा कागद. त्यावर एक खटला होता, पाण्यासाठी काढलेल्या मोर्चातला. दोन खोल्यांचे घर, शिलाई यंत्रावरचे कर्ज. बस्स. तिच्याविषयी आपण सारे काही विचारले होते, हा कागद सोडून.

मैत्रिणींनो, हा कागद आपल्याला कोणी सहजी दिलेला नाही. 1999 साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला, की उमेदवारांचा पूर्वेतिहास मतदारांना कळला पाहिजे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 मे 2002 रोजी निकाल लागला, की उमेदवारावरील खटले, त्याची व कुटुंबाची मालमत्ता, देणी आणि शिक्षण हे जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. त्याच वर्षी कायदा बदलून हा हक्क आखूड करण्याचा प्रयत्न झाला. 13 मार्च 2003 रोजी न्यायालयाने तो बदल रद्द केला. पुढे 2013 साली असेही ठरले, की रकाने कोरे ठेवून भागणार नाही. इतकी वर्षे लोक आपल्यासाठी भांडले, आणि आपण वाचायचा कंटाळा केला.

आता या कागदाच्या मर्यादाही सांगते. पहिली ही, की त्यातला मजकूर उमेदवार स्वतः लिहितो. घेणारा अधिकारी त्यातले खरेखोटे शोधत बसत नाही. तमिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातल्या तेक्कमपट्टी गावी 2006 साली पंचायतीचा अध्यक्ष निवडून आला. त्याने आपल्यावरील एका प्रकरणाची माहिती दिली होती, बाकीची दिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की खटले लपवणे म्हणजे मतदारावर गैर दडपण आणणेच होय, आणि ती निवडणूक रद्दच. निकाल उत्तम होता. पण तो 5 फेब्रुवारी 2015 रोजी आला. ती पाच वर्षांची मुदत केव्हाच संपून गेली होती. न्यायालय न्याय देते, पण गेलेली वर्षे परत देत नाही. म्हणून चौकशी करावी ती मतदानापूर्वी.

दुसरी मर्यादा आपल्या बायकांच्या विशेष कामाची आहे. मालमत्ता आणि देणी यांच्या रकान्यांत जोडीदाराचे लिहावे लागते; खटल्यांचा रकाना मात्र एकट्या उमेदवाराचा. 2011 पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ही मोठीच गोष्ट आहे. पण ज्या पुरुषाचा स्वतःचा कागद दाखवण्याजोगा नाही, तो बायकोचा किंवा आईचा कोरा कागद पुढे करू शकतो. आपल्यासाठी मिळालेली जागा अशी आपल्याच नावाने दुसऱ्याच्या घरात जाते. जिल्हा न्यायालयांतील खटले पक्षकाराच्या नावावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्यात एकाच नावाची दोन माणसे निघतात, तेव्हा वडिलांचे नाव, पत्ता पडताळल्याशिवाय तोंडातून शब्द काढू नये.

तिसरी गोष्ट पक्षांची. उमेदवारी देतो तो पक्ष, आणि आपण जागे होतो ते उमेदवारी जाहीर झाल्यावर. 13 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना बजावले, की खटले असलेला उमेदवार निवडलात, तर का निवडलात आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे जाहीर करा. 'तो निवडून येईल' एवढे कारण पुरणार नाही. तो आदेश लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांविषयी आहे. पण हाच प्रश्न आपल्या प्रभागातील पक्षाच्या कचेरीत जाऊन विचारायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. पाच बायका एका सह्यांच्या पत्रासह गेल्या, तर खुर्च्या पुढे येतात, चहा येतो. चहा घ्यावा, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नये. आणि हे जायचे इच्छुकांची नावे नुसती कानावर येत असतात तेव्हाच. यादी लागल्यावर गेलो तर चहाच मिळेल.

कोणी म्हणेल, मग खटला असलेल्या प्रत्येकाला बाद करावे काय? नाही. खटला म्हणजे शिक्षा नव्हे. पाण्याच्या मोर्चातला खटला आणि लोकांच्या पैशाचा खटला यांना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून नुसता आकडा पाहू नये. कशाचा खटला, कोणत्या सालचा, आरोप निश्चित झाला की नाही, हे पाहावे. आणि ज्याच्याविषयी शंका आहे, त्याला तोंडावर विचारावे. पाठीमागे होते ती चहाडी, समोर होते ती चौकशी. आपण दोन तास केली ती पहिली होती. त्या बाईची मी पुढे घरी जाऊन क्षमा मागितली. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिले, आणि म्हणाली, "काकू, तुम्ही तेव्हा एकदा मला विचारायचे होते." याहून मोठी शिक्षा मला कोणी दिली नसती.

म्हणून आज मी मंडळापुढे एक ठराव ठेवते. निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदान होईपर्यंत मंडळाच्या व्यासपीठावर कोणाही उमेदवाराकडून वाण, बक्षीस वा देणगी घ्यावयाची नाही. अर्ज भरून झाले की प्रभागातील सर्व पक्षांची शपथपत्रे काढून प्रत्येक सभासदाने एक-एक वाटून घ्यावे, आणि त्यात जे लिहिले आहे तेवढेच, आपली भर न घालता, सभेत वाचून दाखवावे. सर्व उमेदवारांना एकच प्रश्नावली द्यावी. पुरुषाला जे विचारणार नाही ते स्त्रीला विचारू नये. आणि उमेदवार स्त्री असेल, तर उत्तर तिनेच द्यावे, तिच्या यजमानांनी नव्हे. जो आधी नगरसेवक होता, त्याची सभांतील हजेरी माहितीच्या अधिकारात मागावी. हे झाल्यावर कोणाला मत द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मंडळाने ते सांगू नये.

घरी मुलीचे स्थळ पाहताना आपण तीन पिढ्यांची माहिती काढतो, भाजी घेताना मेथीची जुडी उलटून पाहतो. पाच वर्षांसाठी आपले पाणी, दिवे, गटारे आणि शाळा ज्याच्या हाती द्यावयाच्या, त्याच्या कागदाची चार पाने वाचायला एक दुपार पुरते.

तो डबा अजून माझ्या फडताळात आहे. मी त्यात काही ठेवत नाही. नातीने एकदा विचारले, "आजी, हा रिकामा का?" मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. आज आपल्याला सांगितली.