बटण कुणाच्या खिशात?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



घरातले वाय-फाय स्पीकर कसे चालवायचे, यावर पाच मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

आमच्या आईची सकाळ सोलापूर आकाशवाणीने उजाडायची. रेडिओ बिघडला तसे मी तीन खोल्यांत तीन स्पीकर बसवले. सगळा ताबा माझ्या फोनमध्ये. एकदा पुण्यात लॉजवर रात्री अकराला फोनवर गाणं लावलं. ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवत गेलो. गाणं वाजत होतं इथं, आईच्या उशाशी! शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी मेन स्विच पाडला. मी परतल्यावर आई एवढंच म्हणाली, "घर माझं, अन् बटण तुझ्या खिशात होय रे?" ते मला लागलं.

मग मी नीट शिकलो. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून जातं. पल्ला साधारण १० मीटर. फोन घेऊन खाली गेलात की गाणं तुटतं. वाय-फायवर बहुतेक वेळा स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून गाणं घेतो, फोन नुसता रिमोट. म्हणून काही अ‍ॅपमधून तो परगावाहूनही चालतो, आणि आपल्या वाय-फायवर आलेला पाहुणाही तो चालवू शकतो. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं गेस्ट नेटवर्क करून ठेवा. लाईट जाते तेव्हा स्पीकर एकटा इन्व्हर्टरवर असून भागत नाही, राउटरही तिथंच जोडा.

बोलूनही सांगता येतं. अलेक्साला २०१९ पासून हिंदी कळतं. फोनवरचा गूगल असिस्टंट तर २०१८ मध्येच मराठी शिकला. पण आईला यंत्राशी बोलायला संकोच वाटतो.

शेवटी उपाय सापडला तो स्पीकरच्या डोक्यावर. तिथं थांबवायचं बटण होतंच, मीच कधी दाखवलं नव्हतं! आईने त्यावर आपली लाल टिकली चिकटवली. आता अंधारातही बोट बरोबर तिथं जातं.

रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे सगळ्यांनी पाळूच. पण माझी विनंती वेगळी आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आई-वडिलांना आधी गाणं बंद करायला शिकवा, लावायला नंतर.